डीपीचा धडा

विनीता जन्माचीच भित्री. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, पण हिनं दुधाला तोंड न लावताच ताक फुंकायला घेतलं होतं. नांदेडला वजिराबादेत लहानाची मोठी झाली, वडील शाळामास्तर, घरात कधी मांजरसुद्धा पाळलं नाही. गॅस पेटवताना लायटर एका हातात आणि दुसरा हात कानावर, ही तिची सवय लग्नानंतरही सुटली नाही. नवरा श्रीनाथ कंधारच्या ज्युनियर कॉलेजात शिकवायचा. तो म्हणायचा, "आमच्या घरात कुकरची शिट्टी झाली की दोन जण उठतात. एक गॅस बंद करायला आणि एक पळायला." पळणारी कोण, हे सांगायची गरज नव्हती.

बारावीला मार्क पडले ते धड ना इकडचे ना तिकडचे. म्हणून लातूरला बीएस्सी ॲग्रीला नाव घातलं, आणि बैलाच्या शेपटीपासून दहा हात दूर राहून तिनं ती पदवी पहिल्या वर्गात मिळवली. पुढं कंधारच्या बाहेर एका खासगी शेतकी विद्यालयात नोकरी लागली. मुलांना ती आवडायची. आवाज चढवायची नाही, प्रत्येकाच्या घरची विचारपूस करायची, आणि कुणी विळ्यानं बोट कापून घेतलं तर त्याच्याआधी हीच रडायची. स्टाफरूममध्ये तिची चेष्टा रोजची. चेष्टा करणारी माणसं वाईट नव्हती, पण जरा जास्तच मजेत होती.

त्या वर्षी संस्थेनं ठरवलं की शेतकऱ्यांच्या पोरांसाठी आपलाच एक वर्षाचा अभ्यासक्रम तयार करायचा. प्राचार्य उद्धवरावांनी बैठक बोलावली आणि एकेक घटक एकेकाला वाटून टाकला. कुणी कलमं घेतली, कुणी ठिबक घेतलं. ड्रोनसाठी तर चढाओढ लागली, कारण अध्यक्षांना ड्रोनचा भारी नाद. सगळं वाटून झाल्यावर विनीतानं हात वर केला.

"सर, शेतातले धोके असा एक घटक असावा. साप, फवारणी, मळणीयंत्र, वीज. पोरं घरी हेच करतात."

एकानं लगेच नाव ठेवलं, "भीतीशास्त्र!" सगळे हसले. उद्धवरावही हसले.

"मॅडम, शेती शिकवायची की मरण?"

"सर, कलम चुकलं तर झाड मरतं," विनीता म्हणाली. एवढंच बोलली आणि खाली बसली. पण हसणं थांबलं होतं. घटक तिला मिळाला. अट तीच, जी सगळ्यांना होती: आधी एकदा वर्गात शिकवून बघायचं, मगच तो अभ्यासक्रमात घालायचा.

साप, फवारणी, मळणीयंत्र तिनं भराभर लिहून काढलं. भित्र्या माणसाला धोके शोधावे लागत नाहीत. अडलं ते डीपीपाशी. आमच्याकडं ट्रान्सफॉर्मरला आणि त्याच्याखालच्या लोखंडी पेटीला मिळून डीपी म्हणतात. त्यातला फ्यूज उडाला की सगळ्या शिवाराच्या मोटारी बंद. वायरमन एक, त्याच्याकडं गावं कितीतरी. तो बिचारा येणार कधी? मग गावातला कुणीतरी धीट गडी उठतो, पेटी उघडतो आणि तारेचा तुकडा बांधून मोकळा होतो. असे किती गडी पेटीपाशीच राहिले, ते ज्याच्या त्याच्या गावाला माहीत असतं.

उद्धवराव म्हणाले, "हे काढून टाका. वायरमनचं काम आहे ते. आपण शिकवलं म्हणजे परवानगीच दिल्यासारखं झालं."

"नाही शिकवलं तरी जातातच सर."

"मग जिम्मा तुमचा," ते म्हणाले.

तो शब्द विनीताच्या छातीत जाऊन बसला. तरी तिनं धडा लिहायला घेतला. पहिलं वाक्य लिहिलं ते असं, की होता होईल तो वायरमनलाच बोलवावं. पण जावंच लागलं तर काय? ते तिला कुठं माहीत होतं! तिनं वायरमनला विनंती केली आणि त्यानं शाळेच्याच डीपीवर सगळं करून दाखवलं. तो म्हणाला, "या की मॅडम, जवळ या." ती म्हणाली, "दिसतंय हितून." हितून म्हणजे लिंबाच्या झाडाखालून. वायरमन अंगानं भरलेला, पाठ तिच्याकडं. पेटीच्या बाजूचा, वीज तोडायचा दांडा खाली ओढलेला तिला दिसला, पेटीचं दार उघडलेलं दिसलं, मग थोडा वेळ त्याची पाठच दिसली, आणि मग त्याच्या हातात फ्यूज दिसला. तिनं जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिलं. दांडा ओढा, दार उघडा, फ्यूज काढा, तार बांधा, दार लावा, दांडा वर करा.

येळवसेच्या आदल्या दिवशी तिनं तो धडा घेतला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, सगळ्यांनी शेतात जाऊन जेवायचा सण. म्हणून त्या दिवशी दुपारीच शाळा सुटणार, पोरांचं निम्मं चित्त मिसळभाज्यांच्या भज्जीत आणि ताकातल्या आंबिलीत. तिनं पोरांना लांब अर्धवर्तुळात उभं केलं, आणि स्वतः ओठ आवळून, जीव मुठीत धरून पेटीपाशी गेली. दांडा ओढला. कट्ट आवाज झाला. मागं सरकत ती म्हणाली, "झालं. आता तिन्ही तारा मेल्या. आता आत हात घातला तरी भीती नाही." स्वतः तिनं हात घातला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. भित्र्या मॅडमनं डीपीचा दांडा ओढला, ही शाळेच्या इतिहासातली नोंद घेण्यासारखी गोष्ट होती.

पोरं दप्तरं उचलून निघाली. अमरेश म्हणून एक पोरगा होता, शिकण्यात मन लावणारा, ऐकलेलं लगेच करून बघणारा. तो जाता जाता थांबला.

"मॅडम, आमच्या शिवारातला डीपी बंद हाय. एक फेज गेलाय. वायरमनला फोन करू करू बाबा बेजार झाले. आता मीच बसवतो."

"शाबास," विनीता म्हणाली. तिला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी तिला सगळ्या स्टाफरूमला बोलावून हे ऐकवावंसं वाटलं.

थोड्या वेळानं उद्धवराव ऑफिसातून ओरडले, कॉम्प्युटर बंद पडलाय. मग तिला आठवलं, दांडा तसाच खाली राहिला होता. ती लगबगीनं निघाली. वाटेत शेळ्यांचं शेड. दोन दिवसांपूर्वीच शेळी व्यालेली, थंडीचे दिवस, म्हणून पिलांच्या अंगावर एक बल्ब खाली सोडून ठेवला होता. बल्ब पेटलेला होता. पिलं त्याच्याखाली अंग चोरून झोपली होती. बरं झालं, पिलांना ऊब राहिली, असं मनात म्हणत ती चार पावलं पुढं गेली आणि जागच्या जागी थिजली.

दांडा तर खाली होता. मग बल्ब कसा पेटला?

तिनं वायरमनला फोन लावला. तो बाजारात होता, येळवसेच्या भाज्या घेत. तिचं ऐकून तो सहज म्हणाला, "एक पाती आत अडकली असंल मॅडम. दर तारेला एक पाती असती. जुन्या पेटीत व्हतंच की. दांडा खाली येतो, दोन पात्या सुटतात अन् एक तशीच ऱ्हाती. म्हणून तर आधी टेस्टर लावून तिन्ही तारा बघायच्या. त्या दिशी तुमच्यासमोरच लावला न्हवं का मी?"

लावला होता. त्या रुंद पाठीच्या पलीकडं लावला होता. ती लिंबाखाली उभी राहिली नसती, दोन हात पुढं गेली असती, तर तिला दिसला असता. आयुष्यभर भीती बाळगली ती मरण टळावं म्हणून, आणि त्या भीतीनंच तिनं वर्गातल्या प्रत्येक पोराच्या हातात मरण देऊन घरी पाठवलं होतं. शेळ्यांच्या शेडातच ती पेंडीच्या पोत्यावर बसली आणि एकेकाला फोन लावू लागली.

"मी मॅडम बोलतेय. डीपीला हात लावू नको. मी चुकीचं शिकवलं. काय म्हणालास? नाही, दांडा ओढूनसुद्धा नाही. घरच्यांना दे फोन."

पोरं हसत होती, "हाव मॅडम, हाव," म्हणत होती. संध्याकाळ होईपर्यंत सगळी सापडली. अमरेश तेवढा सापडला नाही. घरात एकच फोन, वडलांचा, भागवतरावांचा, आणि तो बंद. आणि ज्यानं तोंडानं सांगितलं होतं मीच बसवतो म्हणून, तो हाच. अमरेशच्या गावची शेवटची एसटी निघून गेली होती, आणि अंधारात स्कूटीवर जायचं तिचं धाडस नव्हतं. तिनं अमरेशच्या जवळच्या गावातल्या एका पोराला निरोप घेऊन जायला सांगितलं. तो म्हणाला, उद्या जातो. उद्या!

श्रीनाथ लेकीला घेऊन आधीच रेणापूरला, आपल्या आईवडलांच्या शेतात गेला होता. सकाळी विनीतानंही तिकडंच जायचं होतं. तिनं फोन करून सांगितलं, "मी येत नाही. वाट बघू नका." सासूबाई म्हणाल्या, "अगं माय, येळवस हाय!" तिनं फोन ठेवला. सकाळी उजाडल्याबरोबर शाळेत गेली, कपाटातून टेस्टर काढून पर्समध्ये टाकला, आणि स्कूटी नायगावच्या रस्त्याला लावली. एरवी ती शाळेच्या पलीकडं स्कूटी नेत नसे. ट्रकची भीती, कुत्र्यांची भीती. त्या दिवशी यातलं काही आठवलंच नाही, कारण त्यापेक्षा मोठी भीती पुढं बसली होती.

अमरेशच्या गावात ती पोचली तर गाव ओस. येळवसेला आमच्याकडं गावात माणूस राहत नाही, सगळे शेतात. दारांना कड्या, पारावर कुणी नाही, एक कुत्रं तेवढं तिच्याकडं बघून उगी राहिलं. तिनं एका दाराची कडी वाजवली, दुसऱ्या दाराची वाजवली. "कोणी आहे का?" या तिच्या हाकेला तिचाच आवाज परत आला. कुणी गेलं की गावातली माणसं अशीच एकदम सगळं सोडून धावतात, हा विचार तिच्या मनात आला.

ती शिवाराकडं वळली. आणि तिथं माणसंच माणसं. बांधाबांधावर कडब्याच्या कोपी, कोपीत पाच दगडांचे पांडव पूजेला मांडलेले, पंगती बसलेल्या. येळवसेला वाटेनं जाणाऱ्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. पहिल्याच बांधावर बायकांनी स्कूटी अडवली.

"भागवतरावांचं शेत कुठं?"

"हाय की फुडं. जेवून जावा. येळवसेला उपाशी जाताल व्हय?"

"अमरेश दिसला का आज?"

"कोण अमरेश? आधी आंबील तरी घ्या."

कुणाला तिच्या चेहऱ्यावरचं काही दिसत नव्हतं. सणाचा दिवस, माणसं आनंदात, आणि ही प्रत्येक बांधावर हात जोडत, "नंतर येते, नंतर येते," करत पुढं. एक म्हातारा तर खरंच रागावला. "शहरातल्या बायांना आमचं अन्न चालंना गेलं," म्हणाला. तिला थांबून पाया पडावंसं वाटलं, पण थांबली नाही.

मग तिला मोटारीचा आवाज ऐकू आला. पाटात पाणी खळाळत होतं. मोटार चालू होती. म्हणजे फ्यूज बसला होता. म्हणजे कुणीतरी पेटीत हात घातला होता. तिनं स्कूटी तिथंच टाकली आणि नांगरटीतून पळत सुटली. चपला ढेकळात अडकत होत्या. तेवढ्यात पुढून, ज्वारीच्या पलीकडून, खूप माणसांचा एकदम मोठा ओरडा उठला.

विनीता मटकन खाली बसली. "गेला," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली.

ओरडा पुन्हा उठला, आणि पुन्हा, तालात. ज्वारीतून माणसांची रांग बाहेर आली. पुढच्याच्या हातात आंबिलीचं मडकं, ते पिकावर आंबील शिंपडत, देवाचं नाव घेत शेताला फेरी घालत होते. मडकं धरलेला पोरगा अमरेश होता.

"मॅडम! बाबा, मॅडम आल्या बघा!" तो धावत आला. "तुमी शिकवलं तसंच केलं मॅडम. सकाळीच बसवला. निस्ता दांडा ओढला, तार बांधली, झालं!"

तिला रडू फुटलं. लोकांना वाटलं, मॅडम फार हळव्या आहेत. भागवतरावांनी घोंगडं अंथरलं. अमरेशची आई उज्वला पाणी घेऊन आली. आजूबाजूच्या कोपीतले लोक जमले. "ह्या अमरेशच्या मॅडम. ह्यांनीच शिकवलं पोराला. आता वायरमनची फिकीर न्हाई." एक जण म्हणाला, उद्या आमच्याबी डीपीवर पोराला घेऊन जातो. दुसऱ्यानं अमरेशच्या पाठीवर थाप मारली. भागवतरावांची छाती फुगली होती.

विनीता ऐकत होती आणि तिची भीती उतरायच्या ऐवजी चढत होती. चुकीचा धडा बरोबर ठरला होता. इथली पाती सुटली असेल, दैव बलवत्तर. ती गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं, उलट मान मिळाला असता. पण पोरगा उद्या दुसऱ्या डीपीवर जाणार होता.

"भागवतराव, मी चुकीचं शिकवलं," ती म्हणाली. "दांडा ओढला तरी एखादी तार जिवंत राहते. टेस्टर लावून बघावं लागतं. ते मी सांगितलंच नाही. मला माहीतच नव्हतं. वायरमन दाखवत होता तेव्हा मी भिऊन लांब उभी राहिले."

भागवतराव हसले. "असू द्या मॅडम. झालं की सगळं बराबर. मोटार चालून राहिली ना?"

"मला डीपी दाखवा."

ते नको नको म्हणत होते, जेवण थंड होईल म्हणत होते, पण ती उठून चालायलाच लागली. मागून अमरेश, भागवतराव, उज्वला, आणि गंमत बघायला दहा-बारा माणसं. डीपी बांधालाच होता. पेटीला गंज चढलेला. अमरेशनं दांडा ओढला. मोटारीचा आवाज थांबला. शिवार एकदम शांत झालं.

"बघा, बंद झाली," भागवतराव म्हणाले.

विनीतानं पेटीचं दार उघडलं. आत तीन तारा, तिच्या तोंडापासून हातभर. इतक्या जवळून तिनं पेटीचं पोट कधी पाहिलं नव्हतं. पर्समधून टेस्टर काढला. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. डावीकडच्या तारेला टोक लावलं. पण टेस्टरमधला दिवा केवढासा, आणि ऊन भर माथ्यावर. पेटला का विझला काहीच दिसेना. तिनं टेस्टर मागं घेतला, भागवतरावांना जवळ बोलावलं, अमरेशला बोलावलं, आणि उज्वलेला तिचा पदर पसरून वरून धरायला लावला. पदराच्या सावलीत तिघांची डोकी आली.

"हात लावायचा नाही. फक्त दिव्याकडं बघा," ती म्हणाली.

डावी तार. दिवा नाही. मधली तार. दिवा नाही. भागवतरावांनी श्वास सोडला आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

उजवी तार. टेस्टरमध्ये लाल ठिणगीएवढा दिवा लागला आणि तसाच लागून राहिला.

विनीतानं टेस्टर काढून घेतला, दार लावलं. अमरेशचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो स्वतःच्या उजव्या कोपराकडं बघत होता.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "डावीकडची तार बांधताना माझं कोपर हितं व्हतं." त्यानं हातानं अंतर दाखवलं. ते चार बोटंसुद्धा नव्हतं.

भागवतराव बांधावर बसले. म्हणाले, "मॅडम, एकच लेकरू हाय आमाला."

"मला माहीत आहे," विनीता म्हणाली. ती त्यांच्या शेजारीच मातीत बसली. तिला वाटलं, आता हे शिव्या देतील, द्याव्यात. अभ्यासक्रमातून हा धडा काढून टाकावा, नोकरी सोडावी, पुन्हा कधी कुणाला काही शिकवू नये.

उज्वलेनं पदर सोडला. तिनं अमरेशचं ते उजवं कोपर दोन्ही हातांत धरलं, वरून खालून चाचपून पाहिलं, आणि मग विनीताकडं वळली.

"हे शिकवणं बंद करताल का आता?"

"हो. काढून टाकते."

"नका काढू," उज्वला म्हणाली. तिचा आवाज रागाचा होता, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "ह्यो जाणारच हाय डीपीवर. मी न्हाई म्हणलं तरी जाणार, बाप न्हाई म्हणला तरी जाणार. पानी लागतं, पीक वाळतं, मग कोन थांबतंय? तुमी शिकवाच. पण मॅडम, शिकवताना लांब उभं ऱ्हाऊ नका."

विनीतानं मान हलवली.

ती उठली. वायरमनला फोन लावला, तो आपल्याच शेतात पंगतीला बसला होता. पाती बदलेपर्यंत या पेटीला कुणी हात लावणार नाही, असं तिनं जमलेल्या प्रत्येकाकडून कबूल करून घेतलं. मग सगळी कोपीकडं परतली. पंगत पुन्हा बसली. विनीताच्या पुढ्यात पत्रावळ आली, तिनं बाजरीच्या पिठाचा उकडलेला उंडा मोडला. समोर अमरेश बसला होता, एवढा दाढी फुटलेला पोरगा. उज्वलेनं त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. "आई, सोड की, जेवू दे," तो लाजून म्हणत होता. ती सोडत नव्हती. दुसऱ्या हातानं भज्जीचा घास करून त्याच्या तोंडात घालत होती.